पंचवीस राक्षसांचा कट्टा

सर्जेराव यास,

वारजे येथून शालनअक्काचा जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? उत्तर थोडक्यात दे. तुझ्या शर्मिलाला मी विचारलं म्हणून सांग, ती मला विचारत नसली तरी. फोन करत नाही, कारण तू मध्ये बोलतोस.

तुला ठाऊकच आहे, आपल्या अभयची पोर पूर्वा कॉलेज सोडून वर्षभर घरात आहे. वर्गात बोलायला उभी राहिली, सगळे हसले, तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडत नाही. डॉक्टर झाले, तू सुचवलेलं शिबिर झालं (तिथून सर्दी आणली). आणि परवा एकाएकी म्हणाली, रविवारी चौघं खेळायला येणार आहेत, गोष्ट मी सांगणार. म्हणजे पोरं राणी, चोर, मांत्रिक होऊन बसतात, फासे टाकतात, आणि दारापलीकडे कोण उभं आहे ते हिने सांगायचं. प्रत्येकाची बोटभर बाहुली लागते. विकतची परवडत नाही, म्हणून ही रविवारच रद्द करायला निघाली. (बाहुल्यांचं निमित्त. भीती ओळखायला चौथी पास पुरे.) म्हटलं, मी करते.

तीस वर्षं विड्या वळल्या, बोटभर माणूस काय जड? रद्दीची गच्च सुरळी, पोटाला दोरा, वरचं तोंड मुडपलं की झालं डोकं. खाली बाटलीचं झाकण, हातात काडीपेटीतली काडी. दुपारभरात पंचवीस केले, सवयीने विड्यांच्या जुडीसारखा कट्टा बांधला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने सोडून मांडले, तर अरे, पंचवीसही एकसारखे! राजा कुठला, राक्षस कुठला, माझं मलाच कळेना. रंग लावला, तर गणवेशातले पंचवीस भाऊ दिसायला लागले. मग तिने उठून केराच्या डब्यात हात घातला (मी ओरडले, ओला कचरा होता). मान लचकलेले, पोट सुटलेले, वाकडे असे नऊ मी छाट म्हणून टाकले होते. कारखान्यात तपासनीस अशीच मूठ भरून छाट काढायचा, मजुरी कापायचा, आणि आम्ही खाली मान घालून सरळ वळायला शिकलो. पूर्वाने ते नऊ पुसून ओळीने लावले. हा लंगडा चोर, ही कुबडी राणी, हा मांत्रिक, ह्याला मंत्र आठवत नाहीत. एकेकाची गोष्ट सांगत सुटली. मी झाडू धरून ऐकत उभी. तीस वर्षांत फेकलेल्या छाटाचा त्या दिवशी पहिल्यांदा विचार आला. फार वेळ नाही, कुकर लावायचा होता.

रविवारी तिघंच आली. चौथ्याला बंगळूरला नोकरी लागली, आणि चौथ्याशिवाय खेळ होत नाही म्हणून पूर्वा दार लावून घ्यायच्या बेतात होती. पण झाला कसाबसा. रिकामटेकड्यांचा खेळ, दुसरं काय. पोहे मात्र सगळे संपले.

तुझी अक्का,
शालन

ता. क. चौथी मी बसले. कुबडी राणी.

ता. क. २ येत्या रविवारी एकीची परीक्षा आहे. तू ये. लागतं ते एवढंच, की चेहऱ्यावर न दाखवता खोटं बोलता यावं, आणि ते तुला लहानपणापासून येतं. मी बोलावलं असं पूर्वाला सांगू नकोस.

ता. क. ३ खेळात मी तुला वाचवीन ही आशा धरू नकोस. मी चोराला गावकीतला म्हणून सोडून देत होते, तर पूर्वाने सगळ्यांसमोर पाटावर हात आपटून मला झापलं, "आजी, इथे ओळख चालत नाही, फासा टाक!" आवाज एवढा खणखणीत, की खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर आले. त्यांना मी चहा पाजला.