उंटांना मीठ लागत नाही

८ जानेवारी
मार्साबित शहरातलं उंटपालनाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपवून घरी. सर्टिफिकेट मिळालं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंटाचं मूत्रपिंड एवढं हुशार की लघवी पाकासारखी घट्ट करतं. जास्तीचं मीठ बाहेर, पाणी आत. म्हणजे उंटाला मीठ नकोच! वाडवडील उगाच दर उन्हाळ्यात कळप घेऊन चाल्बीच्या खारट मैदानापर्यंत पाय तोडत गेले.

९ जानेवारी, सकाळी ७
ठराव : यंदा चाल्बी बंद. उंटांना टाकीचं गोड पाणी. (माझ्या गुडघ्याचा याच्याशी काहीही संबंध नाही.)
बायको, दारमी, म्हणाली, "अहो, मीठ नसेल तर त्यांच्या अंगात पाणी टिकत नाही. लहान पोरालाही कळतं हे."
सर्टिफिकेट दाखवलं. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला.

२१ जानेवारी
दीमा, माझी लाडकी तांबडी उंटीण, अर्धंच पाणी पिऊन थांबली. तृप्त दिसते.

३० जानेवारी
दूध निम्म्यावर. हवामान. दीमा वाळकी हाडं चघळते; खेळकर झाली आहे.
नात भुकेनं रडली. दारमी म्हणाली, "तुमचा तो कागद पिळून बघू का, दूध निघतंय का?"
शिकलेल्या माणसानं वाद घालू नये.

६ फेब्रुवारी
दीमाच्या अंगावर चट्टे. मागचे पाय अवघडलेत. आज नातीला वाटीभरही दूध नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला.
म्हणाल्या, "जास्तीचं मीठ टाकता येतं म्हणजे मीठ नको, असं मी कधी म्हटलं? उंटाला गाईपेक्षा कितीतरी जास्त लागतं. तुम्ही दुपारभर घोरत होतात."
"मग सर्टिफिकेट?"
"ते हजेरीचं आहे."
घोर विश्वासघात. ठराव : उद्या चाल्बी.

७ फेब्रुवारी
वारा फार. उद्या.

८ फेब्रुवारी
गुडघा. उद्या नक्की म्हणजे नक्की.

९ फेब्रुवारी
सकाळी उठलो तर काटेरी कुंपण मोकळं. अकरा उंट, बायको, नात, कोणी नाही! शेजारी वाको म्हणाला, मेहुणा काटेलो उजाडताच आला, दारमीनं स्वतः फाटक उघडलं. पुढे दीमा.
विचारलं, "दीमानं एकदा तरी मागे वळून पाहिलं?"
"छे! लंगडत का होईना, पळत होती."
जिला मी हातानं बाभळीच्या शेंगा भरवल्या!

१२ फेब्रुवारी, दुपार
चाल्बी. तीन दिवस चालून पोचलो. जमीन पांढरीफटक, ऊन डोळ्यांत घुसतंय. नात काटेलोच्या मांडीवर दूध पीत होती. तो म्हणाला, "या दाजी, सर्टिफिकेटवाले!" दारमीनं पाणी दिलं.
दीमा मीठ चाटत होती. हाक मारली. मान वर केली, थेट माझ्याकडे आली, गळा चाटायला लागली. डोळे भरून आले. म्हणालो, "बघ दारमी! तिला पश्चात्ताप झालाय. प्रेम आहे हे!"
दारमी म्हणाली, "घाम पुसा आधी."
पुसला.
दीमा निघून गेली.