उघडा पत्रा

३ मार्च, सोमवार

गाडी रविवारी द्यायची आणि हा गंज मध्येच उपटलाय!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं — यापुढे गाडी चालवायची नाही. विकायचं मीच सुचवलं. घरात पदवीधर मी एकटी, त्यामुळे शहाणपणाचं बोलायचं कंत्राट माझ्याकडेच. बाबा फक्त "बरं" म्हणाले. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांची एकच अट — "मागच्या चाकावरच्या पत्र्याचा गंज तेवढा काढून द्या, मग घेतो."

गॅरेजवाले काका म्हणाले, "वरून रंगाचा एक हात मार, पोरी. कोणाला कळतंय?" मला कळतंय ना! गंजावर रंग मारून गाडी विकायची म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. तसं त्यांना ऐकवलं. "मग घास!" म्हणाले, आणि पॉलिश पेपर हातावर ठेवला.

४ मार्च

कामावरून आल्यावर तासभर घासलं. रंगाचे फोड फुटले. तांबडी भुकटी नाकात, नखांत, केसांत. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले — "आमच्या ग्रॅज्युएट बाई पत्रा घासतायत, एवढंच बघायचं राहिलं होतं!" आई आतून — "हसताय काय? चहा गार होतोय तुमचा."

शेवटी खालचा पत्रा दिसला. तळहाताएवढा, चकचकीत. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. प्रायमर उद्या.

५ मार्च

पुन्हा गंज!! त्या तळहाताएवढ्या जागेवर नारिंगी थर!

बाबांनी पहाटे गाडी धुतली. बावीस वर्षं याच गाडीतून लोकांची ने-आण केली. रोज पहाटे एक बादली पाणी आणि फडकं. "हात आपसूक जातो गं."

काकांनी माझीच खरडपट्टी काढली. "उघडा पत्रा रात्रभर ठेवतात का? घासला की लगेच प्रायमर!" मी वेळापत्रक केलं होतं — मंगळवारी घासणे, बुधवारी प्रायमर. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. पदवी घाला चुलीत!

६ मार्च

घासलं, पुसलं, लगेच प्रायमर. दोन जाड थर. बाबांना बजावलं, उद्या पाणी नाही. "नाही म्हणजे नाही," म्हणाले.

७ मार्च

प्रायमर पुसला गेलाय! जाड थर वाळलाच नव्हता आणि यांचं उत्तर — "धूळ होती. नुसतं फडकं फिरवलं." नुसतं!

ओरडले मी. बाबांवर. आयुष्यात पहिल्यांदा. ते शांतपणे म्हणाले, "राहू दे मग. नसेल निघत." नसेल निघत? इतकी शिकले ती काय एका गंजापुढे हात टेकायला? संध्याकाळी परत घासलं. या वेळी एकच पातळ थर. बोटांची सालं निघालीत.

८ मार्च

पहाटे मुद्दाम उठून खिडकीत उभी राहिले. रंगेहाथ पकडायचं ठरवूनच.

बाबा आले. गाडीला पाण्याचा थेंबही लावला नाही. वाकून चाकावरच्या पत्र्यावरून बोटं फिरवत ती जागा शोधली — दिसत नाही ना नीट. सापडल्यावर नखानं प्रायमर खरवडला. बराच वेळ. मग ओलं फडकं त्याच जागी दाबून धरलं, ताप आलेल्याच्या कपाळावर पट्टी धरावी तसं.

मी खिडकी आवाज न करता लावून घेतली.

९ मार्च, रविवार

सकाळी मास्तरांना फोन केला. सांगितलं, गंज काही केल्या निघत नाही. धडधडीत सांगितलं.

किल्ली माझ्याच पर्समध्ये राहील. पण उद्यासाठी बादली मी भरून ठेवली आहे.