चेहरा कशाला?

धुळे, सोमवार, ८ फेब्रुवारी १९३७

डॉक्टरांवर चिडून आलो. माझ्या मानेवर आहे तसला कर्करोग त्यांनी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. म्हणून आज मला न विचारताच फोटोग्राफर बोलावून ठेवलेला! तो माझ्या तोंडावर काळं फडकं टाकायला लागला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"चेहरा कशाला हवा, नाना? गाठ दिसली म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले.

चेहरा कशाला? सोनगीर, एरंडोलच्या बाजारांत मोडक्या सामानात पडलेले जुने फोटो मी वेचून आणतो, पेटीत जपतो. कोण कुठली माणसं, देव जाणे. नावं गेली, पण चेहरे तरी उरलेत. आणि मी उरणार तो नुसती गाठ होऊन?

फडकं ओढून फेकलं. म्हटलं, "चेहऱ्यासकट काढा आणि मागे माझं नाव लिहा. नाहीतर मी निघालो."

शेवटी डॉक्टर "बरं" म्हणाले, तेही उपकार केल्यासारखं. फोटो निघाला.

घरी येऊन थोरल्या बहिणीला सगळं तावातावाने सांगितलं. वाटलं, बाजू घेईल. माझ्या फोटोंच्या पेटीवर अक्काचा कायमचा राग. ती भाकरी थापतच म्हणाली, "घरमा बठ्ठा परका लोकेसना फोटू शेतस. तुना एकबी नही." खरंच, पेटीत सगळे परकेच; माझा एकही नाही.

मग भाकरी तव्यावर टाकली. तव्याकडे बघत म्हणाली, "दोन काढाले सांगनं व्हतं. एक माले."

म्हणजे अक्कासाठी दुसरी प्रत मागायला उद्या पुन्हा त्या डॉक्टरचं तोंड बघणं आलं. आणि या खेपेला गोड बोलावं लागणार.