दशमीच्या पानाचा रिपोर्ट

रायपूर,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय ताईस,

सुशीलचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष आहे, पण ती शेवटी सांगतो. आधी गोड बोलतो, म्हणजे तू पत्र फाडणार नाहीस.

अकरा महिने झाले, तू माझा फोन उचलून नाही राहिली. तुझ्या भावजयीनं, लतानं केला तं उचलते, पिंकीशी अर्धा अर्धा तास बोलते, अन् मी मागून खोकललो की "ठेवते गं". म्हणून हे पत्र. कागदावर खोकलता येत नाही.

पिंकी, तुझी भाची, सातवीत गेली. मराठी सारं समजते, उत्तर मात्र हिंदीत. शाळेत विचारलं, बाप काय करतो, तं म्हणे, "पापा एअरपोर्ट में चिड़िया भगाते हैं." साऱ्या वर्गानं दात काढले. मग तिनं सांगितलं की एक घार इंजिनात गेली तं विमान खाली येऊ शकते, अन् त्यातले तुम्ही पण. पोट्टी तुझ्यावर गेली आहे.

मोठी बातमी म्हणजे जुलैत आमच्याकडे पाच देशांची मीटिंग झाली. अर्धे लोक पडद्यावर, अर्धे समोर समोसे खात. पाखरांले पासपोर्ट लागत नाही. म्हणून ती ज्या देशातून निघतात त्यांनी वाटेवरच्या देशांले आधी कळवायचं, अन् कुठं विमानाले धडक झाली की साऱ्यांनी एकाच नमुन्याचा फॉर्म भरून एकमेकांले दाखवायचा, असं ठरून राहिलं आहे. त्या मीटिंगमध्ये तुझा भाऊ उभा राहून बोलला. काहून बोलला, हे सांगायले मागच्या वर्षीच्या पितृपक्षातल्या दशमीवर जावं लागते. तेच टाळत होतो.

तू बाबांच्या तिथीले अमरावतीहून आली होती. पहाटे उठून वडे तळले, खीर केली. बारा वाजता कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर निघाली, अन् मी ते जिन्यातच तुझ्या हातून हिसकावलं. त्याआधी आठ दिवस मी साऱ्या पाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात, दारोदारी फिरलो होतो. आपल्या डोक्यावरून विमानं उतरतात, गच्चीवर पान ठेवू नका, कावळ्यामागं घारी येतात, असं सांगत. समोरच्या सुशीलाकाकू "हव, हव" म्हणाल्या होत्या, अन् त्याच आपल्या दारातून पाहत होत्या. मंग मी काय करू? तू म्हणाली, "बापाच्या तोंडचा घास काढला तू." अन् न जेवता स्टेशनवर गेली.

पुढचं तुले माहीत नाही. ते पान मी फेकलं नाही. पेपरात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकलं अन् दुपारच्या ड्युटीवर घेऊन गेलो. धावपट्टीच्या पार टोकाले, कुंपणाजवळ, पंपाचा जुना ओटा आहे. तिथं ठेवलं. हो, मीच. साऱ्या पाऱ्याले शहाणपण शिकवणारा. हात जोडले अन् म्हटलं, बाबा, ताई रागावून गेली, तुम्ही तरी जेवून घ्या.

कावळा काही आला नाही. घार आली. तिनं वडा उचलला, मागून आणखी चार आल्या, अन् समोरून विमान उतरत होतं. धप्पकन आवाज झाला. विमान नीट टेकलं, दीडशे माणसं आपल्या पायानं चालत बाहेर आली, कोणाले खरचटलंही नाही. मी कुंपण धरून बसलो होतो. मेलेली घार मीच उचलली. तिच्या पायात नंबर कोरलेलं कडं होतं. धडकेच्या फॉर्मात रकाना होता, पक्षी कशामुळे आला? मी लिहिलं, "माहीत नाही."

ते कडं निघालं कझाकस्तानचं. तिथं पाखरांचा अभ्यास करणाऱ्या आयगुल बाईंनी स्वतःच्या हातानं घातलेलं. बाई हुशार. मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला अन् म्हणाल्या, रायपूरच्या त्या टोकाले कचरा नाही, खाटकाचं दुकान नाही, खायले काहीच नाही, तरी घार उतरली. म्हणजे गवताच्या उंचीमुळे उतरली असावी, अन् या वाटेवरच्या साऱ्या विमानतळांनी आता गवताचा नियम बदलावा. बाकीचे माना हलवून लिहून घेऊन राहिले होते. माझ्या दोन शब्दांपायी पाच देशांचं गवत कापल्या जाणार होतं, अन् खरं कारण तसंच झाकलेलं राहणार. पुढच्या दशमीले माझ्यासारखाच कोणी पान ठेवेल, अन् विमान नीट टेकलं नाही तं?

उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, नो ग्रास. उडदाचा वडा."

मग सारं सांगितलं. आमचे निरंजन साहेब माझ्याकडे असे पाहत होते की आता हेच मले पाखरासारखं हाकलणार, फटाका लावून. आयगुल बाईंनी मात्र वड्यात काय काय पडते ते बारीक विचारून लिहून घेतलं. अन् नेपाळचे साहेब हसले. म्हणे, आमच्याकडे तं तिहारात, म्हणजे दिवाळीत, कावळ्यांचा अख्खा दिवस असतो. लोकांले नाही म्हणू नका, जागा बदलून द्या.

साहेबांनी लेखी समज दिली अन् दोन महिने धावपट्टीवरून काढलं. कबूल आहे, चुकीच्या मानानं कमीच झालं. शिक्षेचं काम म्हणजे पानांसाठी जागा शोधणं. ती सापडली, अभनपूरच्या बाजूले, विमानांच्या वाटेपासून दूर, तलावाकाठी. ओटा बांधून झाला. पितृपक्षात रोज सकाळी दहाले पाऱ्यातून मिनीबस निघणार. सुशीलाकाकूंनी आतापासून मागची सीट धरून ठेवली. म्हणे, सुशील पुढं बसला तं मी मागं बसते, माझं पान सलामत पाहिजे.

पाच देशांले सांगून झालं, ताई. तुलेच सांगायचं राहिलं होतं. पान गच्चीवर नको, हे आजही म्हणतो. पण न समजावता तुझ्या हातून हिसकावलं, अन् मग तेच चोरून ठेवलं, हे दोन्ही चुकलं. मले माफ कर.

आता विनंती विशेष. यंदा दशमी सोळा तारखेले आहे, मंगळवारी. लता वडे करते म्हणते, मी नको म्हटलं. बाबांले ज्या हातचे खायचे होते, त्या हातचे राहून गेले आहेत.

आयगुल बाईंचा काल निरोप आला. त्या मेलेल्या घारीच्या पोट्टीच्या पाठीवर त्यांनी माग काढायचं यंत्र लावलं आहे, अन् ती परवा तिकडून निघाली. साडेतीन हजार किलोमीटर उडून येणार. आमच्या धावपट्टीवर आली तं तिले हाकलणं ही माझी नोकरी आहे. तुले हाकललं, ती नोकरी नव्हती. बडनेऱ्याहून एका दिवसाची गाडी आहे. ये.

यंदा पान तुझ्याच हाती राहू देणारा,
सुशील