पिंपळनेरकडची बढती

ती. अभिमनभाऊंना नमस्कार.

मला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली, पण शाळा पिंपळनेरच्याही पुढची. तुम्ही म्हणालात, "नकार लिहून दे. धुळ्यातलं घर सोडून बाईमाणूस तिथे काय करणार?" मी गेले. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "हेडमास्तर कोठे शे?" म्हटलं, "मीच शे, आबा." ते हसले आणि नातीचं नाव घालून गेले. आता वर्गांत जागा पुरत नाही.

आज आमच्या शिक्षिका मेहरुनबाईंना दूरच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची बढती आली. "घरचे नको म्हणतात, मॅडम," त्या म्हणाल्या. मी उठून माझी खुर्ची पुढे केली. "बसून तर बघा." त्या बसल्या, आणि मधली सुट्टी संपली तरी उठेनात.

पत्र पाठवत नाही, भाऊ. दिवाळीत याल, तेव्हा शाळाच दाखवीन.

तुमची धाकटी बहीण,
दिपमाला, मुख्याध्यापिका