न फिरणारा डाग

३ मार्च १९५९, मंगळवार

आज मोजे रफू करताना कॉन्व्हेंटची शिवणखोली आठवली. शनिवारची दुपार, ओल्या लोकरीचा वास, आणि मी व विनी एकाच बाकावर. रफूसाठी मोज्यात घालायचा काचेचा गोळा विनीने डोळ्याला लावला आणि कुजबुजली, "सिसली, तुझ्या नशिबी खाटीक नवरा दिसतोय. लठ्ठ आहे, पण प्रेमळ!" मी फिसकन हसले. मदर अल्फॉन्ससनी दोघींना भिंतीशी उभं केलं – भविष्य बघणं हा देवाच्या पहिल्या आज्ञेचा भंग! मी अकराची, विनी नऊची. खाटीक काही आला नाही. कुणीच आलं नाही. मोरकॅमच्या या समुद्रकाठच्या घरात आम्ही बहिणी दोघीच राहिलो.

आठवण निघाली ती मिसेस ऑर्मरॉडमुळे. ईस्टरनंतरच्या शनिवारी बचावनौकेच्या मदतीसाठी बाजार भरवताहेत. तंबूत बसून भविष्य सांगायला कुणीतरी हवंय. "तुमचा चेहराच मुळात गूढ आहे हो!" विनीला चहाचा ठसका लागला. मी हो म्हणून बसले. ऐन ईस्टरआधीच्या उपवासकाळात! भविष्य बघायचा काचेचा गोळा माझा मीच शोधायचा आहे.

६ मार्च, शुक्रवार

मिस्टर एंटविसलच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. बराच वेळ शिकवणी चालली. "बाई, आधी हातात धरून बघा. काच लगेच ऊब धरते, स्फटिक थंड राहतो. खाली एक केस ठेवा. एकाचे दोन दिसले तर खरा स्फटिक. आणि बघताना डावा डोळा मिटा, उजव्यानेच बघा. बुडबुडा, चीर, काही लपत नाही."

काचेचाच घेणार होते. बाजारापुरता पुष्कळ झाला. पण डोळा मिटून पाहिलं तर बरोबर मध्यभागी करडा डाग – लिंबाच्या बीएवढा. एंटविसलना दिसेना. "चाळीस वर्षं धंदा करतोय बाई, माझ्या काचेत डाग?" रागावलेच. दुसरा दिला. त्यातही डाग. तिथेच!

काही न घेता आले.

१० मार्च, मंगळवार

एंटविसलनी निरोप पाठवला – कुणा विधवेकडचा खरा स्फटिक आलाय, तपासायला घरी न्या. केस ठेवला, दोन दिसले. थंडगार, जड. काळ्या मखमलीवर ठेवला की पाण्याचा थेंब गोठल्यासारखा दिसतो. मन हरखून गेलं.

मग डावा डोळा मिटला. डाग.

११ मार्च, बुधवार

गोळा घेऊन परत दुकानात. एंटविसलनी भिंगाने पाहिला, उजेडात धरला, मलाही धरायला लावला. "फिरवा. बुडबुडा असेल तर गोळ्याबरोबर फिरेल."

फिरवला. डाग फिरला नाही. जागचा हलला नाही.

ते थट्टेत म्हणाले, "मग तो गोळ्यातला नव्हे बाई. तो पलीकडचा!"

मी हसले. घरी येऊन पिशवी उघडली. परत करायला नेलेला गोळा आतच राहिला होता.

१२ मार्च, गुरुवार

लिहू नये असं वाटतं. पण हे सांगणार कुणाला?

चहाच्या वेळी गोळा टेबलावर होता. समोर विनी ब्रेडवर लोणी लावत होती. मी सवयीने डोळा मिटून पाहिलं. गोळ्यात सगळं उलटं दिसतं – किटली उलटी, खिडकी उलटी, विनी उलटी. तिचे हात दिसले, सुरी दिसली, कॉलरवरची पिन दिसली. चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी करडं भोक.

"काय गं, तुझा खाटीक दिसला का?" त्या भोकाच्या कडेने तिचा आवाज आला.

मी गोळा मखमलीत गुंडाळला आणि चादरींच्या कपाटात ठेवला.

१४ मार्च, शनिवार

फादर क्लेमेंटपुढे कबुली दिली. "काच ही काच असते, सिसली. जपमाळेवर दहा-दहा प्रार्थनांची तीन दशकं म्हण आणि पोटभर जेव." देव त्यांचं भलं करो. त्यांनी विनीचा चेहरा नाहीसा झालेला पाहिला नाही.

१५ मार्च

विनी दोनदा खोकली.

१८ मार्च, बुधवार

पडदे काढायला विनी शिडीवर चढली. मी किंचाळले. ती दचकून खरंच पडणार होती! केवढी भडकली – "मी एकोणसाठ वर्षांची आहे, नऊची नाही! आठवडाभर माझ्या मागे मागे फिरतेस. रात्री दाराशी येऊन माझा श्वास ऐकतेस. मला कळत नाही वाटतं? काय झालंय मला? डॉक्टर तुझ्याशी काही बोललाय का?"

मी शिडी घट्ट धरून ठेवली. माझ्यामुळे झालंय हे. जे बघायला बंदी होती ते मी बघायला गेले, आणि किंमत विनीने द्यायची?

देवा, माझ्याकडून घे. तिच्याकडून नको.

२० मार्च, शुक्रवार

अखेर सांगावं लागलं. विनीने तडक कपाटातून गोळा काढला, टेबलावर आपटल्यासारखा ठेवला आणि समोर बसली. "बघ. माझ्यादेखत बघ."

बघितलं. भोक होतंच. मी रडायला लागले.

"थांब. डोळा का मिटतेस?"

"एंटविसलनी सांगितलंय."

"त्याला आणि त्याच्या शिकवणीला घाल चुलीत! दोन्ही उघड."

उघडले. विनी! उलटी, लालबुंद, संतापलेली, नाकावर पिठाचा ठिपका – सगळीच्या सगळी विनी! मग उजवा मिटून डाव्याने पाहिलं. तीच विनी. पुन्हा नुसता उजवा. भोक. गोळा बाजूला ढकलला, उजव्यानेच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तबकडीच्या मध्ये करडं भोक, काटे गायब, कडेचे आकडे तेवढे शिल्लक.

डाग माझ्या डोळ्यात आहे. विनीवर काही नाही! विनीला काही होणार नाही!

मी तिचे हात धरून हसत सुटले. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. उठून तिने माझा कोट आणला. "चल. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो."

२ एप्रिल, गुरुवार, लँकेस्टरचं इस्पितळ

उद्या सकाळी उजवा डोळा काढणार. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला गाठ आहे. एवढं विनीला माहीत आहे. गाठ यकृतापर्यंत पोचली आहे हे डॉक्टरांनी ती चहा आणायला गेली असताना सांगितलं. हिवाळा काही मी बघत नाही. वेळ येईपर्यंत तिला कुणी सांगू नये. कसं सांगायचं ते फादर क्लेमेंटना कळेल.

आईची चांदीची जपमाळ प्रेस्टनच्या म्यूरिएलला, भाची म्हणून एवढं तरी. लोकरीचा तपकिरी कोट मिसेस ऑर्मरॉडना. नको म्हणतील, पण घेतील. ही वही शेगडीत.

माझी समुद्राकडची खोली विनीला. तीस वर्षं मागत होती, मी दिली नाही. ती आत्ता भेटायला आली की सांगते – एका डोळ्याने कसला आलाय समुद्र, तूच घे. तिला संशय येणार नाही.