डाव्या खांद्याची बंदूक

अक-साज, ४ सप्टेंबर २००४

ती. झूरकान एजेस,
सा. न. वि. वि. मेंढ्या वरच्या कुरणातून उतरल्या. कुरुताच्या दह्याच्या गोळ्या चांगल्या वाळल्यात, बसवाल्या सामातकडे पोतं देतोय.

एक काम होतं. तुमच्या गल्लीत शिकारीच्या सामानाचं दुकान आहे ना? मला छऱ्याची बंदूक हवी, ससे आणि चकोर मारायला. साडेपाच मिलिमीटरचीच घे. साडेचारचा छर्रा जातो सरळ, पण जखमी ससा पळून झुडपात तडफडतो, ते पाप नको. नळी मोडून भरायची नको. आधी पंपाने हवा भरून ठेवतात ना, ती घे. तिला धक्का नसतो. वर दुर्बीण असू दे, आवाज कमी, आणि दस्ता डाव्या खांद्याला बसणारा.

तुझ्या मायेचा धनी, धाकटा भाऊ,
तुर्दुबेक

बिश्केक, १३ सप्टेंबर

चि. तुर्दुबेक यास,
अ. उ. आ. कुरुत पोचला, नातवंडांनी निम्मा आत्ताच फस्त केला.

बंदुकीचं वाचून मात्र झोप उडाली. आवाज कमी कशाला रे? ससा काय तक्रार करायला जाणार आहे? बाबांची दुनाळी बंदूक कुठे गेली? शेजारच्या दोलोतच्या कुत्र्याने तुझी कोकरं खाल्ली, तेव्हा त्याला बघून घेईन म्हणून सगळ्यांदेखत ओरडला होतास. तोच डाव नाही ना? आणि दुकानदाराने विचारलं, डावखुरा कोण? तू जेवतोस उजव्या हाताने, लहानपणी मला बडवायचास तेही उजव्यानेच. मग ही बंदूक कुणासाठी? खरं लिही.

आशीर्वाद आहेतच, विश्वास तूर्त राखून ठेवलाय.
तुझी एजे

अक-साज, २१ सप्टेंबर

ती. एजेस,
सा. न. वि. वि. तुला पोलिसात घ्यायला हवं होतं! कुत्रा दोलोतच्या दारात मजेत लोळतोय. दुनाळी चुलतभावाला दिली, तिच्या धक्क्याने उजवा खांदा दुखतो. बस, एवढंच. बंदूक सामातबरोबर पाठव. तू येऊ नकोस, घाटात रस्ता खचलाय.

लोभ असावा, चौकशा नसाव्यात.
तुर्दुबेक

बिश्केक, २ ऑक्टोबर

चि. तुर्दुबेक यास,
अ. उ. आ. सामात म्हणाला, रस्ता लख्ख आहे. हेही म्हणाला, की तू तुझ्या उजवीकडे उभ्या असलेल्या दोलोतला सलाम न करताच निघून गेलास, आणि भांडण तर कधीच मिटलंय.

मग मी दुकानात गेले. बंदूक डाव्या खांद्याला लावली. नेम धरायला उजवा डोळा आपोआप मिटला, आणि मी बंदूक खाली ठेवली. दुखऱ्या खांद्याला बिनधक्क्याची बंदूक पुरते, तुर्दुबेक. खांदा बदलतो तो डोळ्यासाठी. किती दिवस लपवलंस?

बंदूक घेतली आहे, साडेपाचची, तू सांगितलीस तशीच. माझ्या कपाटात आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे. बंदूक हवी तर स्वतः ये.

वाट पाहणारी,
एजे

अक-साज, १७ नोव्हेंबर

ती. एजेस,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. औषधाचे थेंब रोज घालतो. उजवा डोळा परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटतं, मला दिसू नये म्हणून. डावा वाचेल म्हणाले, तेही आणखी उशीर केला नाही म्हणून.

तिथे जे तोंडातून फुटलं नाही, ते लिहितो. वसंतात झुडपाखाली काहीतरी तपकिरी हललं. ससाच म्हणून दुनाळी रोखली, बोट घोड्यावर होतं. तेवढ्यात ते शिंकलं. दोलोतची बायको बुरुलचा काटक्या वेचत होती. तिला काही कळलंच नाही. मी घरी येऊन दुनाळी चुलतभावाला देऊन टाकली. तेव्हापासून मोठी बंदूक हातात धरवेना, शिकार सोडवेना, आणि आंधळा म्हणवून घ्यायची लाज.

काल त्या दोघांना सगळं सांगितलं. बुरुलचाने आधी शिव्या घातल्या, मग चहा ओतला. आज नवी बंदूक घेऊन निघालो, तर दोघं आपणहून बरोबर. ती लाल रुमाल बांधून पुढे, मोठमोठ्याने गात. एकही चकोर थांबला नाही. रिकाम्या हातांनी परतलो, पण एजे, वसंतापासून पहिल्यांदा मला शिकारीची भीती वाटली नाही.

तुझ्या धाकाखाली राहू इच्छिणारा,
तुर्दुबेक